ऑटोमॅटिक गेटचा लूप: आखणी, कटिंग, वायर आणि टेस्टिंग, सगळं क्रमाने

गाडी समोर उभी आहे तरी गेट उघडत नाही, किंवा समोर कोणीच नाही आणि गेट आपोआप उघडतंय, असं झालं की पहिला हात डिटेक्टरच्या डबीकडे, म्हणजे गाडी आली हे ओळखणाऱ्या सर्किटकडे जातो. आधी सेन्सिटिव्हिटी वाढवतात, मग डिटेक्टरच बदलतात, काही दिवस बरं चालतं आणि पाऊस पडला की परत तेच. माझं म्हणणं असं आहे की दुखणं बहुतेक वेळा डबीत नसतं, जमिनीत असतं, आणि जमिनीतलं नंतर दुरुस्त होत नाही, रस्ता परत कापावाच लागतो. म्हणून लूप, म्हणजे रस्त्यात खाच कापून पुरलेलं वायरचं वेटोळं, टाकतानाच तीन गोष्टी सांभाळायच्या: वायर तसूभरही हलता कामा नये, तिच्यापर्यंत पाणी पोचता कामा नये, आणि खाच भरायचं सीलंट ओतायच्या आधी तिची रीडिंग कागदावर उतरलेली पाहिजेत. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

लूप नक्की काय ओळखतो

हे आधी डोक्यात बसलं पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय यावरून ठरतात. लूप वजन ओळखत नाही आणि तो लोहचुंबकही नाही. जमिनीत वायरचे काही टर्न, म्हणजे वेढे, असतात, डिटेक्टर त्यातून साधारण २० ते १५० किलोहर्ट्झची फ्रिक्वेन्सी फिरवत असतो, आणि वर धातूचा मोठा पत्रा आला की त्या पत्र्यात एडी करंट (भोवऱ्यासारखे फिरणारे करंट) तयार होतात, लूपचा इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला वेटोळ्याचा होणारा विरोध) कमी होतो, फ्रिक्वेन्सी थोडी वर सरकते. हा फरक डिटेक्टर पकडतो. फरक खूप बारीक असतो, सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवली तर काही डिटेक्टर ०.०२ टक्क्याचा बदलसुद्धा धरतात. आता विचार करा, एवढ्या बारीक बदलावर खेळ चाललाय आणि खाचेत वायर सैल आहे, तर ट्रक बाजूने गेला की वायर थरथरणार आणि डिटेक्टरला गाडी आल्यासारखं वाटणार. त्यात त्याचा काय दोष.

ॲल्युमिनियम लूपला दिसत नाही असं बरेच जण समजतात, ते चूक आहे. करंट वाहून नेणारा कुठलाही धातू चालतो, ॲल्युमिनियमचा पत्रा तर छान दिसतो. महत्त्वाचं आहे ते धातूचं क्षेत्रफळ आणि जमिनीपासूनची उंची. आणि माणूस लूपला अजिबात दिसत नाही. लहान मूल, पायी चालणारा, लाकडी हातगाडी, यातलं काही दिसत नाही. त्यामुळे लूप हा गाडीवर गेट आदळू नये म्हणून आहे, माणसाच्या सुरक्षेसाठी फोटोसेल (किरण अडला की गेट थांबवणारा) आणि सेफ्टी एज (गेटच्या कडेची, दाब पडला की थांबवणारी पट्टी) वेगळे लागतातच. अमेरिकेतलं यूएल ३२५ स्टँडर्डसुद्धा लूपला माणूस अडकू नये यासाठीचं साधन मानत नाही. ग्राहक खर्च वाचवायला फोटोसेल नको म्हणाला तरी इथे ऐकू नका.

कुठला लूप कुठे

एक्झिट लूप आतल्या बाजूला असतो, बाहेर जाणारी गाडी त्यावर आली की गेट उघडतं. सेफ्टी लूप गेटच्या जवळ, गाडी त्यावर असेपर्यंत गेट बंद होता कामा नये. बूम बॅरिअरला सेफ्टी लूप बरोबर आर्मच्या, म्हणजे वरखाली होणाऱ्या आडव्या दांड्याच्या, खाली टाकतात आणि गाडी निघून गेल्यावर आर्म खाली आणायचं कामही तोच करतो. स्विंग गेटला पल्ला फिरतो त्या भागात एक शॅडो लूप टाकतात. पल्ला स्वतःच लोखंडी असल्यामुळे तो फिरताना लूपवरून जातो, म्हणून कंट्रोल बोर्ड त्या लूपकडे गेट हलत असताना बघत नाही, फक्त पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद असताना बघतो. तुमच्या बोर्डला शॅडोचा वेगळा इनपुट आहे का ते आधी बघा. नसेल आणि तुम्ही तो लूप सेफ्टीच्या टर्मिनलला जोडला तर गेट निम्म्यात थांबत राहील.

शॅडो लूप सोडला तर स्लायडिंग किंवा स्विंग गेटचा हलणारा लोखंडी भाग लूपच्या कडेपासून कमीत कमी १ मीटर लांब ठेवा, १.२ मीटर मिळालं तर उत्तम. स्लायडिंग गेटला आत एक आणि बाहेर एक असे दोन सेफ्टी लूप टाकतात, म्हणजे दोघांच्या मधे साधारण २.४ मीटरचा पट्टा उरतो जिथे कुठलाच लूप नाही. कार एवढी लांब असते की ती एका तरी लूपवर राहते, पण टू व्हीलर त्या पट्ट्यात पूर्ण मावते. ती तिथे थांबली तर दोन्ही लूप म्हणतील रस्ता मोकळा आहे. ही जागा फोटोसेलनेच भरायची, सेन्सिटिव्हिटी वाढवून ती भरत नाही.

स्थिर लोखंड, म्हणजे गटाराची जाळी, चेंबरचं झाकण, खांब, हे जवळ असलं तर डिटेक्टर त्याच्यासकट ट्यून होतो, फक्त ताकद थोडी कमी होते. पण झाकण खडखडत असेल तर ते हलणारं लोखंडच झालं, मग लूप सरकवा किंवा झाकण घट्ट बसवून घ्या. आखणी करताना त्या झाकणावर पाय देऊन बघायची सवय लावून घ्या.

साइज आणि टर्न

लूपचा लांब भाग रस्त्याला आडवा, छोटा भाग गाडीच्या दिशेने. रस्त्याच्या दोन्ही कडांपासून साधारण ३० सेंटीमीटर सोडायचे. आता उंचीचा नियम: लूप जेवढा वर बघू शकतो ती उंची साधारण छोट्या बाजूच्या दोन तृतीयांश असते. छोटी बाजू १ मीटर असेल तर ६५ ते ७० सेंटीमीटरपर्यंत, कारला भरपूर. पण ट्रक येणार असतील तर दोन चाकांच्या मधला भाग खूप वर असतो, आणि १ मीटरच्या लूपला पुढचा एक्सल दिसतो, मग काहीच दिसत नाही, मग मागचा एक्सल दिसतो. त्या मधल्या क्षणी बूम खाली येतो आणि ट्रकच्या टपावर बसतो. ट्रकसाठी छोटी बाजू १.५ ते २ मीटर करा. शिवाय डिटेक्टरमधे सेन्सिटिव्हिटी बूस्टचा स्विच असतो तो चालू ठेवा, त्याने गाडी एकदा दिसली की ती निघेपर्यंत सेन्सिटिव्हिटी आपोआप वाढलेली राहते.

बूमच्या खाली लूप टाकला तर ॲल्युमिनियमचा आर्म लूपला दिसणार नाही का, हा प्रश्न नेहमी येतो. आर्म साधारण कमरेच्या उंचीवर थांबतो, लूप ६५ ते ७० सेंटीमीटरपर्यंत बघतोय, म्हणून सहसा त्रास होत नाही. पण छोटी बाजू २ मीटर केली आणि वर सेन्सिटिव्हिटीही पूर्ण ठेवली तर होऊ शकतो, तेव्हा टेस्टिंगमधे हे मुद्दाम बघायचं.

टू व्हीलर पकडायची असेल तर लक्षात ठेवा की लूपची ताकद वायरच्या अगदी वर सगळ्यात जास्त असते, मधोमध कमी. चाक वायरच्या रेषेवरून जाईल असा आकार हवा, म्हणून सरळ आयताऐवजी ४५ अंशात तिरका समांतरभुज चौकोन कापतात. टू व्हीलर कुठूनही आली तरी तिरकी वायर ओलांडावीच लागते.

टर्नचं गणित. परिमिती ४ ते ६ मीटर असेल तर ४ टर्न, ६ ते १० मीटरला ३, त्याहून मोठ्याला २, हा चालणारा अंदाज आहे, पण प्रत्येक डिटेक्टरच्या मॅन्युअलमधे स्वतःचा तक्ता असतो आणि तुमच्याकडे असेल तर तोच धरा. इंडक्टन्स अंदाजे काढायला एक सोपं सूत्र वापरता येतं: परिमिती मीटरमधे घ्या, तिला ०.८२ ने गुणा, मग टर्नचा वर्ग अधिक टर्न जेवढे येतील त्याने गुणा. समजा लूप २ मीटर बाय १ मीटर, परिमिती ६, टर्न ४. ४ चा वर्ग १६, अधिक ४, झाले २०. ६ गुणिले ०.८२ गुणिले २०, म्हणजे साधारण ९८ मायक्रोहेन्री. ३ टर्न घेतले तर ५९ येतात. डिटेक्टरची रेंज मोठी असते, पण ८० ते ३०० च्या मधे काम सगळ्यात स्थिर चालतं, म्हणून या लूपला मी ४ टर्नच घेईन.

यात फीडरचा, म्हणजे लूपपासून डिटेक्टरपर्यंत जाणाऱ्या वायरचा, इंडक्टन्सही मिळतो, मीटरला साधारण ०.७ मायक्रोहेन्री. २० मीटर फीडर असेल तर १४ वाढले, हरकत नाही. पण फीडर एवढा लांब झाला की त्याचा इंडक्टन्स लूपएवढाच झाला, तर गाडीने होणारा बदल टक्केवारीत निम्मा होतो, कारण बदल फक्त लूपमधे होतोय आणि भागाकार मात्र एकूण बेरजेने होतोय. लांब फीडर असेल तर लूपला एक टर्न जास्त द्या, किंवा डिटेक्टर गेटजवळच्या बॉक्समधे आणा.

काँक्रीटमधे सळयांची जाळी असेल तरी एक-दोन टर्न वाढवा. जाळी स्वतः बंद वेटोळ्यासारखी वागते आणि लूपची ताकद खाते. वायर आणि सळई यांच्यात कमीत कमी ५ सेंटीमीटर अंतर हवं. कापताना ब्लेड सळईला लागलं तर तिथेच थांबून उथळ खाच करायची का लूप सरकवायचा ते ठरवा, सळई कापत पुढे जाऊ नका.

वायर कुठली

१.५ चौरस मिलीमीटर, मल्टी स्ट्रँड तांबं, आणि इन्सुलेशन एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन) असेल तर सगळ्यात बरं कारण ते पाणी पीत नाही आणि उष्णताही सोसतं. घरात वापरतो ती साधी पीव्हीसी वायर चालते का, तर सुरुवातीला चालते, पण ओल्या जमिनीत वर्षानुवर्षं टिकायला ती बनवलेली नाही, आणि गरम डांबरी सीलंट ओतलं तर इन्सुलेशन तिथेच मऊ होऊन कापलं जातं. वायर एका लूपला एकच सलग तुकडा. खाचेच्या आत जॉइंट नको म्हणजे नकोच.

लांबी आधी काढा. ३ बाय १ च्या लूपला परिमिती ८, ३ टर्नने इंडक्टन्स ८० च्या जरा खालीच राहतो म्हणून ४ टर्न घेऊ, म्हणजे ३२ मीटर, आणि डिटेक्टर १० मीटरवर असेल तर जायला आणि यायला २० मीटर, एकूण ५२. पीळ दिल्यावर लांबी आखडते, शिवाय टोकाला हात फिरवायला थोडी जास्त हवी, म्हणून ६० धरा.

कटिंग

खडूने आखून घ्या, कर्ण मोजा, म्हणजे आयत वाकडा होणार नाही. चारही कोपरे ४५ अंशात कापायचे, कोपऱ्यापासून साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरून. काटकोनात वायर ओढली की काँक्रीटची धार तिच्या इन्सुलेशनवर बसते, वरून गाड्या जातात, रस्ता उन्हाने प्रसरण पावतो आणि थंडीत आकसतो, आणि एक दिवस तांबं उघडं पडतं. ते कळतं केव्हा, तर पावसात.

खाच ४ ते ५ मिलीमीटर रुंद, ४० ते ५० मिलीमीटर खोल. सगळे टर्न एकावर एक बसल्यावर वर निदान २५ मिलीमीटर सीलंट राहिलं पाहिजे. ज्या कोपऱ्यातून वायर बाहेर निघते तिथून कडेपर्यंतची खाच जास्त रुंद लागते, ७-८ मिलीमीटर, कारण तिथे पिळलेली जोडी जाते.

आता एक बारीक गोष्ट जी घाईत सुटते. ब्लेड गोल असतं, त्यामुळे खाचेच्या टोकाला तळ सपाट नसतो, तो वर चढत जातो. दोन खाचा एकमेकींना जिथे भेटतात तिथे बरोबर रेषेवर थांबलात तर तळाशी एक उंचवटा शिल्लक राहतो, आणि वायर त्याच्यावरून कमान करून जाते, तिच्यावर सीलंट जेमतेम राहतं. म्हणून प्रत्येक खाच भेटीच्या बिंदूच्या थोडी पुढे न्या, तळाला पूर्ण खोली मिळेपर्यंत. मग बोट किंवा पातळ लाकडी पट्टी तळावरून फिरवून बघा, कुठे खडा, टोक, उंचवटा लागतोय का.

पाणी मारून कापलं असेल तर आतला चिखल लगेच धुवून काढा, वाळला की तो सिमेंटसारखा बसतो. मग कंप्रेसरने हवा मारून खाच पूर्ण कोरडी करा. ओल्या खाचेत सीलंट धरत नाही, वरून छान दिसतं आणि काही महिन्यांत पट्टीसारखं उचलून येतं. रस्त्याचा एक्सपान्शन जॉइंट (प्रसरणासाठी मुद्दाम ठेवलेली फट) लूपच्या मधून जात असेल तर लूप सरकवा. फीडर जॉइंट ओलांडत असेल तर तिथे वायर पाईपमधून न्या आणि थोडी सैल ठेवा, एवढ्याच ठिकाणी सैल चालते.

पेव्हर ब्लॉक असतील तर कापायचं नाही. ब्लॉक उचला, खाली पीव्हीसी पाईपची चौकट करून त्यात वायरचे टर्न भरा, किंवा तयार लूप घ्या, आणि ती चौकट काँक्रीटमधे पक्की करून मग वर वाळू आणि ब्लॉक. नुसत्या वाळूत ठेवलेला लूप ब्लॉकबरोबर हलतो. नवीन काँक्रीट ओतणार असतील तर याहून सोपं, चौकट सळईपासून ५ सेंटीमीटर वर धरून बांधून ठेवा आणि व्हायब्रेटर मारणाऱ्याला ती दाखवून ठेवा.

वायर बसवणं

फीडरच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, एक टोक कडेला डिटेक्टरपर्यंत पुरेल एवढं बाहेर ठेवा, मग एकाच दिशेने टर्न घालत जा, एकावर एक. वायर ढकलायला बोथट लाकडी पट्टी वापरा. स्क्रू ड्रायव्हर कधीच नको. त्याचं टोक इन्सुलेशनला लागलं तर डोळ्यांना काही दिसत नाही पण मेगरला (इन्सुलेशन तपासायच्या मीटरला) दिसतं, आणि मेगर केला नाही तर ते पुढे कधीतरी पाण्याला सापडतं. वायर ताणायची नाही आणि कुठेही फुगवटा ठेवायचा नाही, फक्त तळाला टेकून पडली पाहिजे.

टर्न झाल्यावर दोन्ही टोकं जिथे लूपमधून बाहेर पडतात तिथपासूनच पीळ सुरू करा, मीटरला कमीत कमी २० पीळ, आणि ते थेट डिटेक्टरच्या टर्मिनलपर्यंत. पीळ नसेल तर तो फीडरच एक लांबट लूप होतो. गाडी फीडरवरून गेली तरी दिसते, शेजारच्या केबलचा गोंगाटही आत येतो. दोन्ही टोकं हँड ड्रिलच्या चकमधे धरून हळू फिरवली तर पीळ एकसारखे येतात. फुटपट्टी ठेवून १० सेंटीमीटरमधे पीळ मोजा, दोन तरी दिसले पाहिजेत. बॉक्समधे पोचल्यावर जास्तीची वायर गुंडाळून ठेवू नका, कापून टाका, ती गुंडाळी लूपमधे फुकटचा इंडक्टन्स वाढवते.

लांब अंतर असेल आणि मधे जॉइंट घ्यावाच लागला तर तो रस्त्याच्या कडेच्या चेंबरमधे, सोल्डर करून, वर डिंकवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसून बसणारी नळी) किंवा जेल किट. नुसता पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट आधी चालतो आणि नंतर सगळ्यांना वेडं करतो, कारण तो कधी धरतो कधी सोडतो. पुढे शील्डवाली पिळलेली केबल वापरा आणि शील्ड फक्त डिटेक्टरच्या बाजूला अर्थ करा, दोन्हीकडे नाही. मेन सप्लाय आणि मोटरच्या केबलबरोबर एकाच पाईपमधून लूपची वायर नेऊ नका, मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर मुळीच नको.

ओतायच्या आधीची तीन रीडिंग

डिटेक्टर जोडलेला नसताना हे करायचं, नाहीतर मेगरचं व्होल्टेज त्याला मारेल.

पहिलं, मल्टीमीटरने दोन टोकांमधला रेझिस्टन्स. १.५ चौरस मिलीमीटर तांब्याच्या मल्टी स्ट्रँड वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १३ ओहम असतो, म्हणजे आपल्या ५२ मीटरला ०.७ ओहमच्या आसपास. मल्टीमीटरच्या स्वतःच्या लीडचा रेझिस्टन्स आधी मोजून वजा करा, कारण एवढ्या छोट्या आकड्यात तोच मोठा असतो. १ च्या जागी ४-५ आले किंवा वायर हलवल्यावर आकडा बदलतोय, तर जॉइंट किंवा टर्मिनल खराब आहे. आकडा फारच कमी आला तर टर्न कमी मोजले गेलेत किंवा कुठे शॉर्ट आहे.

दुसरं, ५०० व्होल्टवर मेगर, वायर आणि अर्थ यांच्यामधे. १० मेगोहमच्या खाली असेल तर पुढे जायचंच नाही, नव्या कोरड्या वायरला खरं तर त्याहून खूप जास्त यायला हवं. शंका असेल तर खाचेत थोडं पाणी सोडून परत मोजा, कारण कोरड्या काँक्रीटमधे कापलेलं इन्सुलेशन लपतं. मग अर्थातच खाच परत वाळवावी लागते, पण ही मेहनत रस्ता दुसऱ्यांदा कापण्यापेक्षा किती तरी कमी आहे.

तिसरं, एलसीआर मीटरने इंडक्टन्स. मीटरमधे फ्रिक्वेन्सी निवडता येत असेल तर १० किलोहर्ट्झ ठेवा. १ किलोहर्ट्झवर १०० मायक्रोहेन्रीचा रिॲक्टन्स (इंडक्टन्समुळे एसी करंटला होणारा विरोध) फक्त ०.६३ ओहम असतो, म्हणजे वायरच्या रेझिस्टन्सएवढाच, आणि रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही. आलेला आकडा सूत्राच्या आकड्याशी ताडून बघा, दहा-पंधरा टक्के इकडे तिकडे चालेल, पण निम्मा आला तर एखादा टर्न राहिलाय किंवा सळईची जाळी जवळ आहे.

हे तिन्ही आकडे, तारीख, टर्न, लूपचं माप आणि फीडरची लांबी एका चिठ्ठीवर लिहून ती कंट्रोल बॉक्सच्या दाराला आतून चिकटवा. दोन वर्षांनी जो कोणी येईल, कदाचित तुम्हीच, त्याला हा कागद म्हणजे अर्धं निदान आहे.

सीलंट

खाचेत वायर वर येऊ नये म्हणून दर अर्ध्या मीटरला फोमच्या दोरीचा छोटा तुकडा दाबून बसवा, पूर्ण लांबीभर दोरी घालू नका, नाहीतर सीलंट वायरपर्यंत उतरणारच नाही आणि वायर पोकळीत लोंबकळत राहील. सीलंट पातळ धारेने खालून वर भरत या म्हणजे आत हवा अडकत नाही. गरम डांबरी मटेरियल असेल तर त्याचं तापमान वायरचं इन्सुलेशन सोसेल एवढंच पाहिजे, दोन्हींच्या डेटाशीटमधे आकडा असतो. नुसतं सिमेंट भरणारे दिसतात, पण ते कडक असतं, रस्त्याबरोबर हलत नाही, चिरतं आणि वायरला घेऊन चिरतं. पूर्ण वाळेपर्यंत गाड्या बंद. वाळल्यावर तीच तीन रीडिंग परत घ्या.

डिटेक्टर जोडणं आणि सेटिंग

लूपवर गाडी, कटर मशीन, लोखंडी शिडी काही नको, गेट बंद, आणि मग पॉवर द्या. डिटेक्टर स्वतः ट्यून होतो. काही डिटेक्टर रीसेट झाल्यावर एलईडी लुकलुकवून फ्रिक्वेन्सी सांगतात, ती पण चिठ्ठीवर लिहा. डिप स्विचचं (डबीवरच्या बारीक सेटिंग स्विचचं) काहीही बदललं की रीसेट करा.

दोन लूप जवळजवळ आणि डिटेक्टर वेगवेगळे असतील तर क्रॉसटॉक होतो, एकाची फ्रिक्वेन्सी दुसऱ्याच्या जवळ आली की दोघे एकमेकांना उगाच ट्रिगर करतात. लूपमधे २ मीटर अंतर ठेवा आणि फ्रिक्वेन्सीचे डिप स्विच वेगळे लावा. एकाच ड्युअल चॅनल डिटेक्टरला दोन्ही जोडले तर तो बहुधा आळीपाळीने बघतो, त्यामुळे हा प्रश्न मिटतो, आणि नवीन काम असेल तर मी तेच सुचवेन.

सेफ्टी लूपला दोन सेटिंग अजिबात चुकवू नका. प्रेझेन्स, म्हणजे गाडी उभी असल्याचा सिग्नल, कायमचा ठेवा. मर्यादित प्रेझेन्स असेल तर गाडी बराच वेळ उभी राहिली की डिटेक्टर तिला रस्त्याचाच भाग समजून सोडून देतो आणि गेट तिच्यावर बंद होतं. आणि रिले (बोर्डला सिग्नल देणारा स्विच) फेल सेफ ठेवा, म्हणजे वायर तुटली किंवा डिटेक्टरची पॉवर गेली तर बोर्डला गाडी आहे असंच दिसेल आणि गेट बंद होणार नाही. एक्झिट लूपला याच्या उलट हवं, नाहीतर वायर तुटल्यावर गेट उघडंच राहील.

सेन्सिटिव्हिटी खालून वर न्या. सगळ्यात कमीवर सुरू करून जी गाडी सगळ्यात अवघड आहे ती नीट दिसेपर्यंत वाढवा, मग एक पायरी वर, आणि तिथेच थांबा.

टेस्टिंग

आधी गाडीशिवाय. गेट पाच-सहा वेळा उघडा आणि बंद करा, डिटेक्टरचा एलईडी एकदाही लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर गेट लूपला दिसतंय. बूम असेल तर आर्म पूर्ण खाली आल्यावर दोन मिनिटं बघा. मग खाचेच्या बाजूला जोरात पाय आपटा, रबरी हातोडी मारा, शेजारच्या लेनमधून जड गाडी जाऊ द्या. एलईडी हलला तर आत वायर सैल आहे, आणि हे आजच कळलेलं बरं.

मग पत्र्याचा दोन-अडीच फुटांचा तुकडा आडवा धरून लूपवरून वेगवेगळ्या उंचीवर फिरवा, कडा कुठे आहे आणि वर किती दिसतं त्याचा अंदाज येतो. त्यानंतर खऱ्या गाड्या: कार अगदी हळू, कार थांबून, उंच ट्रक मधोमध थांबवून, टू व्हीलर कडेने आणि मधून. ट्रक लूपवर असताना एलईडी एक क्षणही जाता कामा नये, यासाठी ड्रायव्हरला खूप हळू पुढे घ्यायला सांगा आणि कोणीतरी डबीसमोर उभं राहा. गेट बंद होत असताना गाडी सेफ्टी लूपवर आणून ते थांबतं किंवा उलटं फिरतं ते बघा. हे करताना एकाचा हात स्टॉप बटणावर पाहिजे.

शेवटी बिघाड मुद्दाम करून बघायचा. सेफ्टी लूपची एक वायर टर्मिनलमधून काढा, गेट बंद व्हायला नको. दोन्ही टोकं शॉर्ट करा, तरी नको. डिटेक्टरची पॉवर काढा, तरी नको. अजून एक टेस्ट: गाडी लूपवर उभी ठेवून मेन बंद करून परत चालू करा. बरेच डिटेक्टर गाडीसकट ट्यून होतात आणि गाडी त्यांच्यासाठी अदृश्य होते, काहींना आधीचं ट्यूनिंग लक्षात राहतं. तुमचा कुठला ते इथे कळेल. अदृश्य होणारा असेल तर लाइट गेल्यानंतर आपोआप बंद होणारं गेट फक्त लूपच्या भरवशावर ठेवू नका.

नंतर बिघडलं तर

आधी दाराची चिठ्ठी, मग स्क्रू ड्रायव्हर. लूप डिटेक्टरपासून सोडवा आणि तिन्ही रीडिंग घ्या. रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स तेच, पण मेगर ५०० वरून २ मेगोहमवर आला असेल तर इन्सुलेशन गेलंय आणि पाणी शिरतंय, पावसात त्रास आणि उन्हाळ्यात बरं असं असेल तर बहुतेक हेच. चेंबरमधे जॉइंट असेल तर आधी तो उघडून दोन्ही बाजू वेगळ्या मेगर करा, पुष्कळदा दोष तिथेच मिळतो आणि रस्ता वाचतो. रेझिस्टन्स वाढलाय आणि डुलतोय तर टर्मिनल, जॉइंट, मग वायर. तिन्ही रीडिंग चिठ्ठीप्रमाणेच असतील आणि तरी खोटे ट्रिगर येत असतील तर क्रॉसटॉक, नवीन टाकलेली मोटर केबल, गेटचं सैल झालेलं चाक किंवा लूपजवळ नंतर बसवलेलं लोखंड शोधा. एवढं करूनही काही सापडलं नाही तर चांगल्या ठिकाणचा डिटेक्टर तात्पुरता लावून बघा, आणि डबी बदलायचा निर्णय तेव्हाच घ्या.

वायर रस्त्यात तुटली असेल तर तेवढाच तुकडा खणून जोडू नका. जुन्या खाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूने १५-२० सेंटीमीटर अंतरावर नवीन खाच कापा, जुन्या वायरची दोन्ही टोकं उघडी ठेवून एकमेकांपासून वेगळी करा म्हणजे ती बंद वेटोळं होऊन नव्या लूपची ताकद खाणार नाही, आणि नव्या लूपची नवीन चिठ्ठी जुनीच्या शेजारी चिकटवा.